नेपाळमधील मंडळीची सेवा आणि अन्नपूर्णेचा ट्रेक एकाच दौऱ्यात करावा का?

प्रश्न – तरुण संघ, नवापूर तालुका

जय ख्रिस्त. मी नवापूर तालुक्यातील एका मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे काम पाहतो. आम्ही सात जण ऑक्टोबरच्या मध्यास वीस दिवसांसाठी नेपाळला जाण्याचा विचार करीत आहोत. पोखऱ्याच्या पुढे डोंगरात एक लहान मंडळी आहे आणि तेथील पाळकांशी (धर्मगुरूंशी) आमच्या पाळकसाहेबांचा जुना परिचय आहे. तेथे आठ दिवस राहून प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवाव्यात, मुलांचे वर्ग घ्यावेत, शक्य झाल्यास एक आरोग्य शिबिर भरवावे आणि त्यानंतर अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याच्या तळापर्यंत, म्हणजे अन्नपूर्णा बेस कॅम्पपर्यंत, चढून जावे, असा बेत आहे.

अडचण अशी झाली की, गेल्या रविवारी उपासनेनंतर पंच कमिटीपुढे हा विषय मांडताच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सरळ विचारले, "तुम्ही सेवेला निघालात की फिरायला?" मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. तोरणमाळ आणि सातपुड्याच्या वाटा आम्ही लहानपणापासून तुडवल्या आहेत, त्यामुळे हिमालय पाहण्याची ओढ खरी आहे आणि ती लपवावी असे मला वाटत नाही; परंतु मंडळीने दिलेल्या अर्पणातून आमचा प्रवास होणार असेल, तर ही ओढ योग्य आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे.

उत्तर १ – निवृत्त परिचारिका, धुळे

तुमच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात सेवा आणि भटकंती या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे गृहीत धरले आहे, आणि नेपाळच्या बाबतीत तरी इतिहास तसा नाही. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतील शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्ष्यांचे अभ्यासक होते. नेपाळ बाहेरच्यांसाठी जवळजवळ बंद होता त्या काळात, १९४९ साली, ते पक्ष्यांचे नमुने गोळा करण्याची परवानगी मिळवून त्या देशात गेले. पुढे १९५१-५२ च्या हिवाळ्यात ते पुन्हा गेले तेव्हा बरोबर डॉ. कार्ल फ्रेडरिक्स होते, आणि तानसेन गावात पक्ष्यांच्या कामाइतकेच काम रुग्ण तपासण्याचे झाले, कारण त्या डोंगराळ भागात औषधपाण्याची सोय नव्हती. त्यातूनच सरकारची परवानगी मिळून १९५४ मध्ये आपल्या नागपुरात युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था स्थापन झाली, आणि तानसेनचे रुग्णालय आजही चालू आहे. म्हणजे पक्षी पाहायला गेलेल्या माणसाला गरज दिसली. पण काम सुरू झाले ते तेथील लोकांनी मागितल्यावर आणि सरकारने होकार दिल्यावर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही गोरखपूर, सोनौली, बुटवल या मार्गाने पोखऱ्याला जाणार असाल तर तानसेन वाटेतच लागते. मी काही वर्षांपूर्वी तेथे गेले होते. सकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी एक तरुण पाठीवरचा डोको, म्हणजे बांबूची मोठी टोपली, अगदी सावकाश जमिनीला टेकवत होता. टोपलीचा पट्टा त्याच्या कपाळावरून गेलेला होता आणि आत पाय दुमडून त्याची आई बसली होती. मोटारीचा रस्ता गाठेपर्यंत तो तिला तसाच पाठीवर घेऊन चालला होता. पट्टा काढल्यावर त्याच्या कपाळावर उमटलेला लाल वळ मी अजून विसरलेले नाही. ज्या पायवाटा तुम्हाला ट्रेक म्हणून चढायच्या आहेत, त्या तेथील माणसांच्या रोजच्या वाटा आहेत, हे ध्यानात ठेवून चाललात तर त्या चालण्यालाही अर्थ येईल.

आरोग्य शिबिराचा विचार मात्र सोडून द्या. परदेशी डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीशिवाय तेथे रुग्ण तपासता येत नाहीत, आणि तुमच्यात डॉक्टर नसेल तर गोळ्या वाटणे हे सेवेच्या नावाखाली केलेले धाडस ठरेल. रक्तदाबाची गोळी आठ दिवस देऊन आपण निघून आलो, तर नवव्या दिवशी त्या माणसाने काय करायचे?

उत्तर २ – पाळक, नंदुरबार जिल्हा

प्रभूमध्ये सलाम. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण पाहुणे येणारे गाव कसे असते हे मी पाहिले आहे. मी दहा-बारा वर्षांचा असताना आमच्या गावी परदेशातून एक गट आला. माणसे मनाने चांगली होती, यात शंका नाही. परंतु ते आले ऐन भाताच्या लावणीत. पाऊस धरून होता, रोपे उपटून बांधावर ठेवलेली होती, आणि पाहुण्यांसाठी सभा भरवायची म्हणून सगळे गाव दोन दिवस घरी राहिले. माझ्या वडिलांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त सभा संपल्यावर ते कंदील घेऊन शेतावर गेले आणि सुकत चाललेली रोपे त्यांनी रात्रीच लावली. पाहुण्यांना हे कधीच कळले नाही, कारण त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

तुमची तारीख ऑक्टोबरच्या मध्याची आहे. तो दसैं-तिहारच्या, म्हणजे तेथील दसरा-दिवाळीच्या, सणांचा काळ असतो आणि त्याच सुमारास डोंगरउतारावरचे भात कापणीला येऊ लागते. त्यामुळे भिंत रंगवायची हे इथे बसून ठरवण्याऐवजी, तुम्हाला काय हवे आहे असे त्या पाळकांना मोकळेपणाने विचारा आणि जे उत्तर येईल ते मान्य करा. रंगाचे काम असलेच, तर ते गावातल्या रंगाऱ्याला मजुरी देऊन करवून घेता येते. नवापूरची मुले विळा चालवू शकतात, पेंढ्या बांधू शकतात, मळणी करू शकतात. हे काम शहरातून येणाऱ्या कोणत्याही गटाला तुमच्याइतके जमणार नाही, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची बाबही लक्षात घ्या. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ नुसार दुसऱ्याचे धर्मांतर करणे निषिद्ध आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवले जाते. आपण परत येऊ, पण आपल्या उतावळेपणाची झळ तेथील मंडळीला लागेल. म्हणून पत्रके नेऊ नका, रस्त्यावर प्रचार करू नका, आणि स्थानिक पाळकांच्या शब्दाबाहेर जाऊ नका. मंडळीच्या उपासनेत मात्र अवश्य बसा. ती तेथे शनिवारी होते, कारण साप्ताहिक सुटी पूर्वापार शनिवारची आहे. गीतांचे पुस्तक देवनागरीत असल्याने अर्थ पूर्ण कळला नाही तरी तुम्हाला त्यांच्याबरोबर गाता येईल.

पैशाविषयी माझे मत ठाम आहे. अर्पणातील एकही रुपया ट्रेकवर खर्च होऊ नये. त्या दिवसांचा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या कमाईतून करावा, दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेत आणि परत आल्यावर रविवारी मंडळीसमोर वाचून दाखवावेत. तुमच्या वडीलधाऱ्यांना खरे उत्तर त्या वहीतून मिळेल.

उत्तर ३ – गिरिभ्रमण करणारा, जळगाव

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे सेवेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही; परंतु अन्नपूर्णा बेस कॅम्प मी केला आहे. त्याची उंची ४,१३० मीटर आहे आणि आपल्या राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सातपुड्यात कितीही फिरले तरी विरळ हवेची सवय होत नाही. तीन हजार मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोके दुखत असेल तर वर जाऊ नये, आणि झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरावे. खांदेशी माणूस दुखणे अंगावर काढतो, ती सवय तेथे जिवावर बेतू शकते.

ट्रेकसाठी जाण्या-येण्याचे किमान सात-आठ दिवस राखून ठेवा. सेवेचे दिवस लांबले म्हणून चढाई घाईत उरकू नका. २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक वाटाड्या घेण्याचा नियम आहे, तो पाळा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत हवे. विमा काढताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, या दोन ओळी स्वतः वाचा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नंदुरबारच्या पाळकसाहेबांनी लिहिल्याप्रमाणे मी काल नेपाळमधील पाळकांना फोन करून, तुम्हाला काय हवे आहे, एवढेच विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की प्रार्थनागृहाला रंग मागच्याच वर्षी दिला आहे. पण मंडळीतील दोन घरांतील मुलगे आखाती देशांत कामाला गेले आहेत, घरी फक्त म्हाताऱ्या आया आहेत, आणि त्यांचे भात कार्तिक संपता संपता कापणीला येईल.

त्यामुळे आम्ही आरोग्य शिबिर आणि रंगकाम दोन्ही रद्द केले असून निघण्याची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यावर नेली आहे. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठू, एक मुक्काम तानसेनला करू, आधी कापणी करू आणि मगच ट्रेकला निघू. ट्रेकचा खर्च प्रत्येक जण स्वतः करणार आहे; एका मित्राला तो परवडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचे पैसे आम्ही सहा जण मिळून भरू. येत्या रविवारी हा बदललेला बेत घेऊन मी पुन्हा पंच कमिटीपुढे उभा राहणार आहे.

जळगावच्या दादांना एक विचारायचे आहे: आमच्यापैकी एकाला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे. उंचीच्या त्रासावर जी गोळी देतात ती त्याला चालेल का, की निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावे?

गिरिभ्रमण करणारा, जळगाव

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती गोळी घेऊ देऊ नका. ती त्याच वर्गातील आहे. त्याच्यासाठी सावकाश चढणे हाच उपाय धरा, आणि एक दिवस जास्तीचा ठेवा.