विषय: सुनेचा रिपोर्ट – कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड

नमस्कार मंडळी,
सुनेला सहावा महिना चालू आहे. सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कोलेस्टेरॉल २६८, ट्रायग्लिसराइड २४०, दोन्ही ठळक अक्षरांत. टीएसएच ४.८. थायरॉइडची ५० ची गोळी लग्नाआधीपासून आहे, तीच चालू आहे. मी तिचं तूप बंद केलंय. आपल्यात कुणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा.
– एक सासूबाई, लेस्टर (इंग्लंड)

---

काकू, नमस्कार.
आधी तिच्या पोळीला तूप लावा! रिपोर्टवर छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. दिवस राहिले की इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं. शेवटच्या तिमाहीत कोलेस्टेरॉल दीडपटीपर्यंत आणि ट्रायग्लिसराइड दोन ते चारपट चढतं, बाळंतपणानंतर उतरतं. म्हणून एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) गरोदरपणी ही तपासणी सरसकट करत नाहीत. ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. २४० तिथून फार लांब आहे.

मला काळजी आहे ती टीएसएच ४.८ ची, आणि तो आकडा ठळक छापलेलाही नाही. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की ते चढतं. गोळी चालू असलेल्या गरोदर बाईचा टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो. या काळात थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची, तेच गोळीत असतं) गरज वाढते, डोस बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. तिचा जुनाच आहे. बाळाची थायरॉइड ग्रंथी आता काम करत असली तरी आईचं थायरॉक्सिन त्याला लागतंच. शिवाय थायरॉइड कमी पडलं की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी उचलतं, म्हणजे तो आकडाही आणखी चढतो.

जीपीला (फॅमिली डॉक्टरला) किंवा मिडवाइफला (प्रसूतीच्या परिचारिकेला) लगेच कळवा. डोस ते ठरवतील आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतील. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर. ती कशी घेते, विचारा बरं.

---

डॉक्टर, विचारलं. सगळ्या गोळ्या नाश्त्याला चहाबरोबर एकदम! उद्या आठला जीपीची लाइन उघडली की फोन लावते. आणखी एक, घरात आम्ही सैंधव वापरतो, चालेल ना?

---

काकू, सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं, आणि इथल्या साध्या मिठातही भारतासारखं घातलेलं नसतं. गरोदरपणी रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं. दूध, दही, अंडी, मासे पोटात जाऊ द्या, आणि तिच्या व्हिटॅमिनच्या डबीवर आयोडीन लिहिलंय का बघा, सगळ्यांत नसतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र आणू नका, त्यांत ते भलतंच जास्त असू शकतं.