मदत हवी आहे : प्रकाशाच्या जाळीत फोटॉन शोषला गेला, तर रेणूच्या लहरीचे काय होते?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात जुन्या सीडीवर हिरव्या लेझर पॉइंटरचा झोत टाकून भिंतीवर विवर्तनाचे ठिपके (सीडीवरील बारीक खाचांच्या जाळीमुळे प्रकाशाची लहर ठरावीक दिशांना फाकून पडलेले) दाखवले आणि हे उलटही घडते, लहर रेणूंची आणि जाळी प्रकाशाची असू शकते, असे मुलांना सांगितले. कापित्सा आणि डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३३ साली इलेक्ट्रॉनांसाठी सुचवलेली ही कल्पना व्हिएन्नातील आर्न्ट आणि झायलिंगर यांच्या गटाने २००१ मध्ये साठ कार्बन अणूंच्या फुलरीन या रेणूवर प्रत्यक्षात आणली.

इथवरचे गणित मला जमते. आरशावरून परतलेला लेझर मूळ झोतात मिसळून स्थिर तरंग (जागच्या जागी राहणारे उजळ-अंधारे पट्टे) तयार होतो आणि ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याच्या उजळ पट्ट्या २६६ नॅनोमीटर अंतरावर येतात. सेकंदाला २०० मीटर वेगाने जाणाऱ्या फुलरीनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी (कणाच्या लहरीची लांबी) सुमारे २.८ पिकोमीटर भरते, त्यामुळे एक मीटर पुढे शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम एक शतांश मिलिमीटर अंतर पडते. ही जाळी रेणूला अडवत नाही; तिच्या विद्युतक्षेत्रामुळे रेणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ किंचित सरकतो आणि लहरीची कला (ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) उजळ पट्टीत अधिक बदलते. एका बाजूचा फोटॉन (प्रकाशाचा कण) घेऊन दुसऱ्या बाजूला दिला जातो, म्हणून संवेग दोन फोटॉनांच्या पटीतच बदलतो.

अडते ते पुढे. फुलरीन हिरवा प्रकाश थोडा शोषतोही. शोषलेल्या एका फोटॉनचा धक्का निम्माच असल्याने तो रेणू दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये पोहोचायला हवा. माझे एक सहकारी म्हणतात की शोषण हे मोजमापच असल्याने व्यतिकरण (लहरींच्या एकमेकींत मिसळण्याने ठिपके उमटणे) तिथेच संपते. मला ते पटत नाही, कारण स्थिर तरंगातला फोटॉन डावीकडून आला की उजवीकडून, याची कोणतीही खूण रेणूत उरत नाही. उरते ती फक्त उष्णता, आणि ती दोन्ही वाटांनी सारखीच असते. मात्र एकही फोटॉन न शोषलेल्या आणि एक शोषलेल्या रेणूंची उष्णता वेगळी असल्याने त्यांचे आकृतिबंध स्वतंत्रपणे काढून मगच बेरीज करावी लागेल, असे मी धरले आहे.

हा तर्क बरोबर आहे का? खूप तापवलेले रेणू स्वतःच प्रकाश बाहेर टाकून आपली जागा उघड करतात आणि व्यतिकरण विरते, हे २००४ मध्ये त्याच गटाने दाखवले. पण एका फोटॉनच्या उष्णतेने तेवढे होईल का? मूळ शंका बारावीच्या एका विद्यार्थिनीची आहे आणि शुक्रवारच्या तासाला मला तिला उत्तर द्यायचे आहे, म्हणून समीकरणांपेक्षा कारणमीमांसा सांगणारे उत्तर मिळाले तर फार मदत होईल.