बेटामॅक्सचा (जुन्या व्हिडिओ कॅसेटचा) चालू प्लेअर कुणाकडे आहे का? शुक्रवारच्या आत हवाय

नमस्कार मंडळी,
नानांच्या बेसमेंटमधली ती टेप सापडली एकदाची. लेबलवर नानांच्या अक्षरात "गणपती ८३" आणि खाली पेन्सिलीने बारीक "स्वेन". व्हीएचएस नाहीये, बेटा एल-७५० आहे, माझ्या मशीनमध्ये बसत नाही. रविवारी घराची किल्ली द्यायची आणि काकू डॅलसला जाणार, त्याआधी त्यांना दाखवायचीय. प्लीज लवकर सांगा.
– स्मि., नेपरव्हिल (शिकागोजवळ)

---

स्मि., माझ्याकडे प्लेअर आहे पण देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिला तरी टेप आत घालू नकोस. इतकी वर्षं बंद पडलेल्या मशीनमधले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे चिकट होतात, टेप अडकते आणि ओढून काढताना चुरगळते. माझ्या मुंजीची... म्हणजे मुलाच्या मुंजीची टेप अशीच गेली, अजून हळहळ वाटते. आधी झाकण उचलून टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे का बघ. असेल तर ती साफ करणाऱ्याकडेच द्यायची. एल-७५० वर बेटा-२ स्पीडला तीन तास बसतात, त्याहून हळू बेटा-३ ला साडेचार, म्हणजे आरतीनंतर बरंच काही असणार.
– अण्णा

---

बरंच काही म्हणजे तो स्वेनगूली, टीव्हीवर भुताचे पिक्चर दाखवणारं, शवपेटीतून उठणारं ते ध्यानच ना? मंडळाच्या गणपतीला लागून ते नको. कॉपी करताना तेवढा भाग काढून टाकावा ही विनंती. आणि ८५ च्या आधीचं सगळं आमच्या जुन्या फोटोंच्या समितीकडे असतं, टेप परस्पर कुठे देऊ नये. मागच्या वेळचा अल्बम अजून परत आलेला नाही.
– माई

---

माई, पाया पडतो पण तो भाग कापू नका!! गणपतीचं शूटिंग तेव्हा अजून दोघांनी तरी केलं होतं, स्वेनगूलीचं मिळत नाही. स्टेशनवाले टेप पुसून परत वापरायचे, त्यामुळे पहिला स्वेनगूली, जेरी जी. बिशप, चॅनल ३२ वर १९७० ते ७३, त्याचं जवळजवळ काही उरलेलं नाही. तो आधी नुसता आवाज द्यायचा, लोकांची पत्रं यायला लागल्यावर पडद्यावर आला. त्याला विनोद लिहून पाठवणारा रिच कॉझ पुढे १९७९ ला "सन ऑफ स्वेनगूली" झाला, ८६ च्या जानेवारीपर्यंत. त्याचं जे काही आज बघायला मिळतं त्यातलं कितीतरी लोकांनी घरी टेप केलं म्हणून. शिकागोच्या जुन्या टीव्हीचं म्युझियम अशाच घरगुती टेपा गोळा करतं, मधल्या फर्निचरच्या जाहिरातींसकट, त्यामुळे जाहिरातीही नका कापू.

आमचा सेट जुना, ३२ लागायला मागची गोल तार धरून उभं राहायला लागायचं, म्हणून मी नानांकडे जायचो. पिक्चरमध्ये आता काहीतरी होणार म्हणून मी उशीत तोंड घालायचो आणि तेवढ्यात ब्रेक, टॉप हॅट घालून तो यायचा, एक भिकार जोक मारायचा, चहूकडून त्याच्यावर रबरी कोंबड्या पडायच्या आणि भीती गेलेली असायची. शाळेत माझ्या इंग्लिशला हसायचे, पण सोमवारी मला ते जोक पाठ असायचे, तेव्हा सगळे माझ्याकडे यायचे.
– बंटी

---

आम्ही ठाण्यात टीव्हीवर मतकरींची "गहिरे पाणी" ही गूढकथांची मालिका बघायचो. मधे येऊन धीर देणारं कुणी नाही. संपलं की सरळ बातम्या. नंतर पाणी प्यायला उठायचं तर भावाला बरोबर घेऊन. म्हणून बंटीदादा म्हणतात ते एकदम पटलं.
– के., शॉमबर्ग (नवीन मेंबर)

---

मतकरींचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या गूढकथांची चार पुस्तकं माझ्याकडून कुणीतरी नेलीत, कृपया परत करावीत.
– अण्णा

---

आम्ही बर्विनमध्ये घर घेतलं तेव्हा ऑफिसात सगळे लांबलचक "बर्रर्रविन" करायचे, मला कळेचना. नंतर समजलं की हे स्वेनगूलीचं. ९४ च्या ३१ डिसेंबरला तो चॅनल २६ वर परत आला आणि २०११ पासून मीटीव्ही या चॅनलवर देशभर. माझी फिनिक्सची बहीण शनिवारी रात्री तिकडे बघते, मी इकडे, मधे फोन चालू. माई, तुम्ही एकदा बघा ना.
– बर्विनची व.

---

बघायचा प्रश्न नाही, समितीला विचारायचा आहे.
– माई

---

अपडेट: बुरशी नाही. बेटा टेपा कॉपी करून देणारा एक माणूस मिळालाय, शुक्रवारी संध्याकाळी देतो म्हणाला. माई, टेप तुमच्याच नावाने दिलीय, पावती समितीत ठेवा.

काल काकूंना फोन केला. "स्वेन" हे नानांचं अक्षर नाहीच, त्यांचं आहे. त्या वर्षी नाना रात्रपाळीला, बंटी सोडला तर घरी कुणी यायचं नाही. म्हणाल्या, "इंग्रजी निम्मं कळायचं नाही गं, पण तो माणूस आपल्याकडे बघून बोलायचा." नानांना सुट्टीच्या दिवशी दाखवायला त्यांनी टेप केलं, उरलेल्या जागेवर.
– स्मि.

---

राहू दे सगळं. शनिवारी अकराला येते काकूंकडे, पोहे मी आणते.
– माई