ठासणीच्या पिस्तुलावरील विक्रेत्याचे नाव मूळचे की नंतर कोरलेले? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या सदाशिव पेठेतील घरी पणजोबांपासून चालत आलेले एक दुनळी, टोपीचे (घोड्याच्या आघाताने फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीने उडणारे), ठासणीचे (दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासायचे) पिस्तूल आहे. (परवाना वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे कायद्याची चर्चा येथे नको.) दोन नळ्यांमधील पट्टीवर इंग्रजी लिपीत ‘आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता’ असे कोरलेले असून माझी शंका त्या एका ओळीपुरतीच आहे.

पाचर काढून नळ्या सुट्या केल्या, तेव्हा दोन्हींच्या पोटाशी मुकुटाखाली दोन तिरपे राजदंड आणि त्यांच्या कोनांत एका ठशात बी, पी, सी, तर दुसऱ्यात व्ही अशी अक्षरे दिसली. हे 1904 पूर्वीचे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे असल्याने नळ्यांची चाचणी तेथे झाली आणि रॉडा ही विकणारी पेढी, इतके मला उमगले आहे. शेजारच्या 16 या आकड्याचाही उलगडा झाला, कारण एक पौंड शिशाच्या 16 गोळ्या पाडल्यास त्यातील एक बसेल अशा नळीचा व्यास सुमारे 16.8 मि.मी. येतो आणि व्हर्नियरवर तेवढाच भरला.

अडचण पुढे आहे. कॅम्पातील एका संग्राहकांनी पाच मिनिटे पाहून, नाव नंतर कोरून घेतलेले आहे, असा निर्वाळा दिला. 1914 च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी याच पेढीची 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे पळवली होती, तेव्हा या नावामुळे किंमत चढते हे खरे. पण भिंगाखाली पाहता नळीवरचा तपकिरी रंग अक्षरांच्या खाचांतही तितकाच मुरलेला आहे आणि अक्षरांच्या कडा भोवतालच्या वेलबुट्टीइतक्याच झिजल्या आहेत. फक्त ‘कलकत्ता’ हा शब्द किंचित उथळ असून उजवीकडे झुकतो. पेटीच्या झाकणातील कागदी लेबल कसरीने निम्मे खाल्ले आहे. पेढीचा पत्ता गेला, त्यामुळे त्यावरून काळ ठरवता येत नाही.

एकाच ओळीतील शब्दांची खोली अशी वेगळी असणे हे दोन हातांचे काम समजावे, की घाऊक मालावर नाव कोरताना असे होत असे? रॉडाचे नाव असलेले टोपीचे पिस्तूल कोणी हाताळले असल्यास, त्यावरील गावाचे नाव कसे कोरले आहे ते कृपया कळवावे. तोवर पॉलिशचा बोळा मी जवळही येऊ देणार नाही.