उजनीची बेटं आणि भीमेचे वाळूपट्टे: नदी सुरयची घरटी कशी मोजायची?

भीमाकाठ_सोलापूर
मार्च ते मे नदी सुरय या पाणपक्ष्याच्या घरट्यांची नोंद करायची आहे. जागा दोन: केत्तूरजवळची उजनी धरणाच्या जलाशयातली बेटं आणि पंढरपूरच्या खालचे भीमेतले वाळूपट्टे. दोन्हीकडे एकच पद्धत चालेल का?

वाळूपट्टा
तक्ता एकच चालेल, पद्धत नाही. जलाशयात पाणी उतरणं घातक, नदीत चढणं.

उजनीच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यात 64 च्या आसपास मृतसाठा आहे. धरण मायनसमध्ये, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं की बेटं काठाला जोडली जातात आणि रात्री कुत्री, कोल्हे थेट आत येतात. म्हणून दर फेरीला बेट आणि काठ यांमधलं सर्वात उथळ ठिकाण काठीनं मोजा. गुडघाभर पाणी उरलं की वन विभागाशी बोलून फक्त त्या चिंचोळ्या भागावर चार फुटी जाळी लावा, खालची वीतभर गाडून. अख्ख्या बेटाला कुंपण घालू नका. पिल्लं पाण्याकडे धावतात, जाळीत अडकतात.

पाटकरी
नदीत घरटं पाण्यापेक्षा किती उंच आहे, यावरच सगळं ठरतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, 10 मीटर पुरते. एक टोक पाण्याच्या कडेला मोजपट्टीला, दुसरं घरट्यापासून हातभर लांब. नळीत बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं, आधी तो काढा. अंतर जास्त असेल तर दोन टप्प्यांत मोजा.

सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून भीमेवरच्या औज बंधाऱ्याकडे पाणी सोडतात, तेव्हा धरणावरचा क्युसेकमधला विसर्ग आणि तुमच्या पट्ट्यावरची वाढ, दोन्ही लिहा. धरणाजवळचा आकडा खाली जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण वाटेतले बंधारे आधी भरतात. बंधाऱ्याच्या फुगवट्यातला (मागे तुंबलेल्या पाण्यातला) पट्टा तर पाणी ओसरल्यावरही बुडालेलाच राहतो, त्याची नोंद वेगळी ठेवा. पिण्याचं पाणी थांबवा, अशी मागणी करू नका. अंडी घालण्याआधी, फेब्रुवारीअखेर एक आवर्तन, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेलं पाणी, मिळालं तर सखल वाळू भिजते आणि पक्षी उंच जागा धरतात. मागायचं असेल तर हे मागा.

भीमाकाठ_सोलापूर
किती वेळा जावं? आणि अंडी तपासायची का?

वाळूपट्टा
अंड्यांना हात नको, त्याला वन विभागाची लेखी परवानगी लागते. आठवड्यातून एकदा, सकाळी आठच्या आत, वसाहतीत जास्तीत जास्त दहा मिनिटं. सोलापूरच्या उन्हात पक्षी उठला की अंडी उघडी पडून तापतात. पक्षी पोट भिजवून त्यांना गारवा देतो तो उगाच नाही. बाकीची मोजणी काठावरून दुर्बिणीनं.

रंगीत झेंडे लावू नका, कावळे ते ओळखायला शिकतात. आइस्क्रीमच्या काडीवर क्रमांक लिहून घरट्यापासून मीटरभरावर वाळूत खोचा. फोनचं जीपीएस काही मीटर चुकतं, त्यामुळे जवळची घरटी एकावर एक पडतात; काडीपासून फीत धरून अंतर लिहा.

आणि सुरयचं घरटं म्हणजे वाळूतला खळगाच; तो रिकामा दिसला म्हणजे घरटं बुडालं, असं धरू नका. पिल्लं काही दिवसांतच खळगा सोडतात. ओल्या वाळूची रेघ, पंजांचे ठसे, फुटक्या कवचाचे तुकडे बघून मगच कारण लिहा. अंडी गेली की जोडी पुन्हा घालते, म्हणून हंगामातल्या घरट्यांची बेरीज जोड्यांपेक्षा जास्त येणारच. तारीखवार नोंद नसेल तर ती चूक सुधारता येत नाही.