फॅमिली ग्रुप: ऑरलँडोची भुतं आणि ओजूचा झगा

दादा: नीतू आहेस का? ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला ऑरलँडोला यायचा विचार चाललाय, डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात ती हॅलोविन पार्टी असते ना मिकीची, तिकडे पोरांना न्यायचंय. ओजू पाचचा, छोटी डिसेंबरला तीनची होईल. तुम्ही गेल्या वर्षी जाऊन आलात ना, वर्थ आहे का ते सांग

आई: कसली पार्टी

दादा: हॅलोविनची ग आई

आई: म्हणजे भुतांची? पोरं केवढीशी आहेत

चिनू: दाद्या त्यापेक्षा युनिव्हर्सल पार्कची हॅलोविन हॉरर नाइट्स कर ना 🔥 मी टेक्सासवरून येतो तुझ्यासोबत

नीतू: चिनू तू गप. दादा त्याचं अजिबात ऐकू नकोस, ते 1991 पासून चाललेलं मोठ्या माणसांचं प्रकरण आहे, तेराच्या आतल्या मुलांना आणू नका असं ते स्वतःच सांगतात, तिथे कॉश्च्युम घालूनही जाता येत नाही. मिकीचं वेगळं. त्याच्या नावातच 'फार भीतीदायक नाही' असं आहे, 1995 ला चालू केलं ते लहान मुलांसाठीच. नावं सारखी वाटतात म्हणून लोक चुकीचं तिकीट काढतात. सीवर्ल्ड पार्कचंही तसंच, दिवसाचं स्पूकटॅक्युलर लहानांचं आणि रात्रीचं हाउल-ओ-स्क्रीम मोठ्यांचं, त्याला वेगळं तिकीट

वहिनी: हो ना मी कालच दुसरंच काहीतरी बुक करत होते 😅

दादा: मिकीचं तिकीट पण वेगळं आहे ना?

नीतू: पूर्ण वेगळं. दिवसाचं तिकीट असलं तरी पार्टीचं निराळं घ्यायचं, हाताला पट्टा बांधतात, पट्टा नाही त्याला सातला बाहेर. पार्टी 7 ते 12 पण त्याच तिकिटावर दुपारी 4 पासून आत सोडतात. 2024 ला 119 डॉलरपासून होतं, 31 ऑक्टोबरचं 199, वर टॅक्स. 3 ते 9 वाल्यांना दहा डॉलर कमी. छोटीला लागणार नाही, तीनच्या आत फुकट, त्या तारखेला तीन पूर्ण नसले की झालं

दादा: म्हणजे कमीत कमी धरलं तरी 119, 119 आणि 109, 347 झाले. आणि लाँग वीकेंडला काय कमीत कमी मिळणार नाही. एका संध्याकाळचे!!

बाबा: तीस हजार रुपयांच्या आसपास झाले. गोळ्या-चॉकलेटं गोळा करायला.

नीतू: बाबा 😄

नीतू: दादा आता नीट ऐक, जरा लांबलचक लिहिते. आमची चूक काय झाली, आम्ही म्हणलं एवढे पैसे दिलेत तर वसूल करू, म्हणून सकाळी दुसऱ्या पार्कात गेलो, दुपारी उन्हात फिरलो, फ्लोरिडाचं ऊन ऑक्टोबरमध्येही असं असतं की पोरं वाळवणासारखी होतात, मग चारला मॅजिक किंगडम, तिथे गाडी लावली की थेट गेट येत नाही, आधी गाडी लांब लावायची मग बोट किंवा मोनोरेल, त्यात वेळ, आत गेल्यावर लाइनी, आणि आमचा चिकू साडेआठला स्ट्रोलरमध्ये जो झोपला तो थेट हॉटेलवर उठला. परेड सव्वानऊची होती. ज्याच्यासाठी गेलो तेच त्याने बघितलं नाही. सकाळी उठून म्हणतो आता जायचं का पार्टीला 🤦

वहिनी: अरे देवा

नीतू: त्यात दोष कोणाचा नाही, आमचाच. पार्टी रात्रीची आहे आणि आपली पोरं आठला झोपणारी, हे आम्ही तिकीट काढताना लक्षातच घेतलं नाही. त्या दिवशी दुपारची झोप झाली पाहिजे, बाकी काही झालं नाही तरी चालेल. सकाळी कुठेही जायचं नाही. हॉटेल, पोहणं, जेवण, पडदे ओढून झोप. मग चारला.

आई: बरोबर आहे. झोप नसली की पोर किरकिरं होतं मग तुम्ही त्याच्यावर ओरडता

दादा: आई आम्ही ओरडत नाही

आई: व्हिडिओ कॉलवर ऐकू येतं

चिनू: 😂😂😂

वहिनी: नीतू, ओजूला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे तुला माहितीये, त्याचं काय करायचं? सगळ्या चॉकलेटात कुठे ना कुठे शेंगदाणे असतात

नीतू: हो ते विचारणारच होते. तिथे फिरोजी रंगाची वेगळी पिशवी मागायची. मग ठिकठिकाणी चॉकलेटऐवजी टोकन मिळतं आणि नंतर एका जागी टोकन देऊन त्याला चालणारा खाऊ घ्यायचा. तरी पाकिटं तू स्वतः वाचच. आणि दुसरं, आईसाठी सांगते, जिलेटिन. मार्शमेलो, गमी, स्टारबर्स्ट, तो तीन रंगांचा कँडी कॉर्न, सगळ्यात असतं

आई: जिलेटिन म्हणजे ते हाडाकातड्याचं ना? शी. नको काही खाऊ देऊ. मी चिरोटे पाठवते

दादा: आई चिरोटे येईपर्यंत हॅलोविन होऊन जाईल

मिलू आत्या: अग पण घरोघरी खाऊ मागत फिरणं आपल्याकडे पण होतंच की, आमच्या नागपूरकडे भुलाबाईला आम्ही मुली ह्या घरून त्या घरी जायचो, गाणी म्हणायची आणि डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं, ओळखलं नाही तर मिळायचा नाही. डबा हलवून आवाजावरून ओळखायचो 😀

आई: आमच्या भोंडल्याची खिरापत तीच. पण त्यात भुतं नव्हती

दादा: बर पण भीतीचं बोल. आमची छोटी मिक्सरच्या आवाजाला घाबरते.

नीतू: हाच तर मुद्दा आहे. पोरं भुताला घाबरत नाहीत रे, त्यांना भूत म्हणजे काय तेच नीट माहीत नसतं. घाबरतात ती आवाजाला, एकदम अंधार होतो त्याला आणि अचानक कोणी अंगावर आलं की. परेडच्या आधी काळ्या घोड्यावर बिनमुंडक्याचा स्वार येतो, हातात पेटलेला भोपळा. चिकू तर झोपलेला, पण धाकटं बाळ जागं होतं, मला वाटलं ते किंचाळेल, ते घोडा घोडा करून टाळ्या वाजवत होतं. आणि मग परेडमध्ये थडगी खणणारे येतात, ते फावडं रस्त्यावर घासतात त्याच्या ठिणग्या उडतात आणि खर्रर्र आवाज, तेव्हा मात्र माझ्या गळ्यात पडलं. आतषबाजीचंही तसंच, त्यात जॅक स्केलिंग्टन म्हणजे सिनेमातला सांगाडा असतो, त्याचं काही वाटत नाही पण दणदणाट होतो, छोटीला कान झाकायचे हेडफोन घेच

वहिनी: हाँटेड मॅन्शन राइडमध्ये न्यायचं का? उंचीची अट नाहीये तिथे

नीतू: अट नाही म्हणून लोक तान्ही बाळंही नेतात. अट सुरक्षेची असते ग, घाबरण्याची नसते. राइड 1971 पासूनची आहे, म्हणजे पार्क उघडलं तेव्हापासूनची, मोठ्यांना गोड वाटते, शेवटी आरशात भूत आपल्या शेजारी बग्गीत बसलेलं दिसतं ते तर ओजूला जाम आवडेल. पण सुरुवातीला सगळ्यांना एका खोलीत उभं करतात, भिंती लांब लांब होत जातात आणि मग काळोख, कडकडाट, किंकाळी. छोटी तिथेच भोकाड पसरणार. तुम्ही आळीपाळीने जा. एकाने ओजूला ने, दुसऱ्याने छोटीला घेऊन बाहेर थांब, पार्टीत बाहेरही एखादं पात्र गप्पा मारत बसलेलं असतं, मजा येते

गोव्याचा मामा: आमच्याकडे नरकासुर बघ. दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली एवढाले राक्षस, लाल डोळे, सुळे, म्युझिक, आणि पहाटे जाळतात. लहान मुलं घाबरत नाहीत कारण पंधरा दिवस आधीपासून तीच त्याच्या पोटात गवत आणि कागद कोंबत असतात. स्वतः बांधलेल्या राक्षसाला कोण भितो

नीतू: मामा हे भारी आहे 👌 दादा, परेडचे व्हिडिओ घरी टीव्हीवर आधी दाखव दोघांना, दिवसा, आवाज थोडा मोठा ठेवून. घोडेवाला येतो, मग कोण येतं, मग फावडेवाले. पाठ झालं की तिथे ती दुसऱ्यांना सांगत बसतात

दादा: ओके हे करतो. मग वेळेचं काय, चार ते बारा थांबायचं?

नीतू: बारा?? तू वेडा आहेस का

दादा: अग 347 डॉलर!

नीतू: तेच ते वसूल करणं परत. माझं ऐक, चार ते सहा छोट्या राइड, सहाला जेवण, त्यानंतर मिळणार नाही म्हणून नाही तर नंतर पोरं खात नाहीत म्हणून. सातला पिशव्या घेऊन खाऊ गोळा, तासभर, त्यापेक्षा जास्त नाही, सगळी ठिकाणं करायची जिद्द धरू नकोस घरी येऊन ते कोणी खात नाही आमचा नोव्हेंबरभर डब्यात पडून होता. साडेआठला पार्कातल्या फ्रंटियरलँड भागात फुटपाथवर बसायचं, परेड तिथून निघते आणि मेन स्ट्रीटपेक्षा गर्दी कमी, पोरांना परेड लवकर दिसते. परेड झाली की चल बाहेर. फटाके बोटीतून दिसले तर दिसले

दादा: आणि तो जॅक आणि त्याच्या सिनेमातली सॅली, त्यांच्याबरोबर फोटो? ओजूने हट्ट धरलाय

नीतू: पार्टीतली सगळ्यात मोठी लाइन ती. एक तर फोटो किंवा बाकी सगळं. त्याला विचार आधी

बाबा: दुसरी परेड असते असे वाचले. तिला गर्दी कमी असते म्हणे.

नीतू: हो बाबा, अकरानंतर. ती चिनूसारख्यांना ठीक आहे

दादा: मग मी तर म्हणतो सप्टेंबरमध्येच येतो, तिकीट स्वस्त असेल

आई: सप्टेंबरमध्ये पितृपक्ष असतो

दादा: त्याचं काय

आई: पितृपक्षात भुतांच्या जत्रेला जाणार?

नीतू: आई पितर वेगळे भुतं वेगळी 😄 पण सप्टेंबर नकोच, रोज दुपारी पाऊस आणि वादळांचा सीझन. ऑक्टोबरला पण भरवसा नाही म्हणा, 2024 ला मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा 10 ऑक्टोबरला सगळं डिस्ने बंद होतं. हॉटेल रद्द करता येईल असंच घे

आई: आणि नंतर दिवाळीची पहिली आंघोळ आहे, त्याच्या आधी घरी या. आजारी पडून दिवाळीत झोपू नका

नीतू: आमची 2024 ला 31 ऑक्टोबरलाच आली होती, पहाटे उटणं आणि संध्याकाळी चिकू सांगाडा. अंगाला उटण्याचा वास येणारा सांगाडा

वहिनी: 😂 नीतू खरं सांग, एवढं सगळं बघता ही पार्टी करावी का? की सीवर्ल्डचंच करू?

नीतू: वहिनी खरं सांगू? दोघंही छोटीएवढी असती तर मी सीवर्ल्ड किंवा विंटर हेवनचं लेगोलँडच म्हणले असते. सीवर्ल्डचं दिवसाच्याच तिकिटात असतं, उजेड असतो, पाचला घरी. लेगोलँड तर आहेच दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. पण ओजू पाचचा आहे, त्याला घोडेवाला आयुष्यभर लक्षात राहील. छोटीला काहीच राहणार नाही. म्हणून पार्टी ओजूची समजा, छोटी नुसती बरोबर आहे

दादा: पटलं. कपडे काय? ओजूला मावळा व्हायचंय तलवार घेऊन

नीतू: प्लास्टिकची, लांबून खेळण्यातली दिसेल अशी चालते. खरी वाटेल अशी नाही. तुमच्याकडे ती गडावरून आणलेली पत्र्याची आहे ना ती आणू नकोस, गेटवरच ठेवून घेतील. आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं नको, उकाडा असतो

आई: मी सांगू? वासुदेव करा त्याला

दादा: ??

आई: झगा, उपरणं, उंच टोपी, हातात चिपळ्या, खांद्याला झोळी. तुमच्या त्या खाऊला झोळी लागतेच ना. दान पावलं म्हणत फिरेल

नीतू: आईईई 😍😍😍

मिलू आत्या: अग काय सुचलंय तुला!!

वहिनी: आई हे फायनल. ओजू इथे नाचतोय

आई: मी झगा शिवते, टोपी पण करते, गल्लीतल्या भागवतांकडे खरी मोरपिसं आहेत ती लावून पाठवते

बाबा: मोरपिसे भारताबाहेर पाठवता येत नाहीत, बंदी आहे. कुरियरवाला घेणार नाही आणि घेतले तरी अडकेल. कागदाची कर.

आई: खऱ्यासारखी नाही दिसणार

बाबा: भुतं तरी कुठे खरी आहेत.

चिनू: काका ऑन फायर

नीतू: आई टोपी चालते पण चेहऱ्यावर काही यायला नको. चौदाच्या पुढच्यांना तर मास्क चालतच नाही. आणि झगा जमिनीला लागता कामा नये, नाहीतर ओजू तो तुडवून पडेल

आई: घोट्याच्या वर चार बोटं ठेवते. माप पाठव. खांद्यापासून घोट्यापर्यंत, उभं करून घे, झोपलेला असताना नको घेऊ मागच्या वेळी तसंच केलंस आणि सदरा आखूड झाला

दादा: उभा राहत नाहीये तो, चिपळ्या म्हणून माझे दोन चमचे घेऊन बडवतोय

चिनू: काकू माझ्यासाठी पण एक शिवा ना, एक्सएल

आई: तुला मापाला कापडाचा तागा लागेल

वहिनी: व्हॉइस मेसेज पाठवलाय ऐका. ओजूचा. 'दान पावलं' च्या जागी 'डान पावलं' म्हणतोय

आई: 'द' म्हणायला शिकवते रविवारी. आणि ते माप आजच पाठवा, शिंप्याकडे नवरात्राची गर्दी चालू झालीये