विषय: रॉसकॉमनमधलं बंद घर आणि ७०,००० ची ग्रँट

नमस्कार मंडळी,

डब्लिनमध्ये भाडं भरून जीव मेटाकुटीला आलाय. दोघांचंही काम आता बहुतेक घरूनच चालतं, म्हणून आयर्लंडच्या पश्चिमेला रॉसकॉमन काउंटीकडे घर शोधायला लागलो. एक दगडी कॉटेज मनात भरलंय, मागणी ९५,००० युरो. आजीबाई नर्सिंग होममध्ये गेल्यापासून बंद आहे. मागच्या बाजूने छपराला भोक पडलंय, आयव्ही खिडकीतून थेट मोरीपर्यंत पोचलीय, पण पुढचं अंगण बघून बायको म्हणाली, हेच.

हिशोब असा मांडलाय: बंद घरं दुरुस्त करायच्या क्री कोनिहे या सरकारी योजनेतून ७०,०००, पहिलं घर घेणाऱ्यांसाठीच्या हेल्प टू बायचे ३०,०००, शिवाय हीट पंपाची ग्रँट वेगळी. म्हणजे दुरुस्ती जवळजवळ फुकटात. घराच्या किमतीला बँक कर्ज देईलच. बिल्डरही तयार आहे, म्हणतो खरेदी झाली की दुसऱ्या दिवशी छप्पर उतरवतो. कुणी हे केलंय का?

निखिल

——

निखिल,

बिल्डरला आधी थांबव. काउंटी कौन्सिलची (ग्रँट तीच देते) लेखी मंजुरी हातात येण्याआधी केलेल्या कामाला एक पैसा मिळत नाही, मग ते छप्पर असो नाहीतर न्हाणीघर. अर्जासाठी खरेदी पूर्ण व्हायची वाट बघायची मात्र गरज नाही. बोलणी चालू असल्याचा पुरावा जोडून आत्ताच अर्ज करता येतो. आम्ही टिपरेरीत तसाच केला.

आता तुझे आकडे. हेल्प टू बाय खोडून टाक, ते फक्त नव्या घरांना. मूळ ग्रँट आहे जास्तीत जास्त ५०,०००. (२०२२ मध्ये योजना आली तेव्हा ३०,००० होती, मे २०२३ पासून वाढली.) वरचे २०,००० घर डेरिलिक्ट, म्हणजे मोडकळीला आलेलं, ठरलं तरच. छपराला भोक आहे एवढ्याने ते ठरत नाही. बांधकाम कमकुवत आणि धोकादायक आहे असा स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नाहीतर घर कौन्सिलच्या डेरिलिक्ट साइट्स रजिस्टरवर, म्हणजे अशा जागांच्या यादीत, असावं लागतं. हीट पंपाची ग्रँट घेता येईल, पण एकाच कामाला दोन्हीकडून पैसे नाहीत.

खरी गोम पुढे आहे. पैसे येतात ते काम संपल्यावर. आमच्याकडे फरशी झाली, स्वयंपाकघर बसलं, मग कौन्सिलचा माणूस येऊन माळ्यावर टॉर्च मारून प्रत्येक काम कागदाशी ताडून गेला. पैसे त्याच्या पुढच्या महिन्यात. तोवर बिल्डरची बिलं आपल्याच खिशातून. आम्ही क्रेडिट युनियनचं (इथली पतसंस्थाच) कर्ज काढलं आणि दिरांनी हात दिला म्हणून निभावलं. बँकेचंही गृहीत धरू नकोस. ज्या घरात पाणी नाही, चालू संडास नाही, त्यावर मॉर्गेज द्यायला बँका कां-कू करतात. बँकांनी पुरेसं कर्ज दिलं नाही तर कौन्सिलचंच खरेदी-दुरुस्तीचं कर्ज आहे, २०२४ पासून. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, ती आधी बघून घे.

आणि कोटेशन. आमच्या बिल्डरने एका ओळीचं दिलं होतं, ‘पूर्ण घराची दुरुस्ती’ आणि खाली रक्कम. कौन्सिलने ते सरळ परत पाठवलं. छप्पर वेगळं, खिडक्या-दारं वेगळी, वायरिंग, प्लंबिंग, रंग, सगळं कामवार लागतं. कौन्सिलचा इंजिनिअर एकेका कामाचा दर बघतो, वाजवी वाटला तेवढाच धरतो. गावाकडच्या बिल्डरला हे लिहायचा भारी कंटाळा. शेवटी मीच एक्सेलमध्ये तक्ता करून दिला, त्याने रकमा भरल्या आणि सही केली.

पाच वर्षांच्या आत घर विकलंत तर सगळी ग्रँट परत. पाच ते दहा वर्षांत विकलंत तर ७५ टक्के. त्यासाठी घरावर बोजा चढवतात. अमेरिकेला जायचं वगैरे डोक्यात असेल तर या भानगडीत पडू नका.

वैशाली

——

वैशालीताईंनी पैशाचं सांगितलं, मी भिंतींचं सांगतो. दगडी घर म्हणजे चुन्याचं बांधकाम. त्यावर कुणी नंतर सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आतच कोंडते आणि वॉलपेपरखाली काळी बुरशी धरते. असं आढळलं तर आतून इन्सुलेशनचे बोर्ड ठोकून झाकू नका. ओल तिथेच राहते, फक्त दिसत नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, महाग पडेल, पण शोधा. आयव्ही ओढून काढायची नाही, दगडही सुटून येतो. मुळाशी कापा आणि वाळू द्या.

दुसरं, आजीबाई नर्सिंग होममध्ये आहेत म्हणता, मग विकतंय कोण? मुलाकडे अधिकारपत्र आहे का? नर्सिंग होमच्या खर्चासाठीच्या सरकारी फेअर डील योजनेतून घरावर कर्ज घेतलंय का? त्या हयात नसतील तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची कायदेशीर मंजुरी, झालंय का? सॉलिसिटरला हे सर्व्हेच्याही आधी विचारा, नाहीतर सर्व्हेचे पैसे पाण्यात. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १,६६,७५२ घरं रिकामी निघाली. तो आकडा वाचून मला मालवणातली आमची आळी आठवली. सातबाऱ्यावर चौदा नावं, किल्ली एकाकडे आणि तो अंधेरीला. इथे तो सिडनीला असतो, एवढाच फरक.

भास्कर (गॉलवे)

——

ताई, काका, आभार. अधिकारपत्र मुलीकडे आहे असं एजंट म्हणाला, कागद मागवतो. बायकोला मेल वाचून दाखवला, ती अजूनही ‘हेच’ म्हणतेय. पण ग्रँट येईपर्यंत लाखभर युरो फिरवायचे म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. ऑफर मागे घेऊ का?

निखिल

——

लगेच मागे कशाला घेतोस? ९५ ही त्यांची मागणी आहे. छपराचा अंदाज लेखी घे आणि तो पुढे ठेवून घासाघीस कर. शिवाय सगळं घर एकदम करायलाच हवं असं नाही. दोन खोल्या आणि न्हाणीघर अर्जात घाल, अंगण-कंपाउंड राहू दे. मात्र घर राहण्याजोगं झालं पाहिजे, त्याशिवाय शेवटच्या पाहणीत पास करत नाहीत.

आणि एजंटकडून कागद मागवतोच आहेस तर दोन वर्षांची विजेची बिलंही मागव. घर दोन वर्षं रिकामं होतं हे अर्जात दाखवावं लागतं, आणि खरेदी झाल्यावर ती बिलं शोधायला तिकडून कुणी उठत नाही. वीज तोडून दोन वर्षं झाली असतील तर जोडणी पुन्हा घ्यायला वायरिंगचं प्रमाणपत्र लागेल, तो खर्चही कोटेशनमध्ये घाल.

सर्व्हेअरचा नंबर वेगळ्या मेलने पाठवते, लिस्टवर नको.

वैशाली